अबलख घोड्याला इंग्रजीत काय म्हणाल?

मागच्या अंकातल्या इंग्रजी शब्दकोड्यात ‘काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नव्हे, ठिगळांचा, बहुधा घोडा’ अशी सूचना होती आणि उत्तर होतं ‘पायबॉल्ड’, म्हणजे आपला अबलख. त्या एका शब्दावरून बरीच पत्रं आली. काहींनी उत्तरावर हरकत घेतली, काहींनी वेगळेच प्रश्न विचारले. त्यातल्या निवडक पत्रांना ही उत्तरं.

‘बॉल्ड’ म्हणजे टक्कल पडलेला. मग ‘पायबॉल्ड’ म्हणजे पायावर केस नसलेला घोडा का? – एक विद्यार्थी, सातारा

नाही. यातल्या ‘पाय’चा आपल्या पायाशी संबंध नाही आणि ‘बॉल्ड’चा टकलाशी नाही. ‘पाय’ हे मॅगपाय या पक्ष्याचं जुनं इंग्रजी नाव आहे. मॅगपाय काळा-पांढरा, लांब शेपटीचा, कावळ्याच्या कुळातला. महाराष्ट्रात तो नाही, लडाखला गेलात तर दिसेल. लॅटिनमध्ये त्याला ‘पिका’ म्हणत, त्यावरून फ्रेंचमधून इंग्रजीत ‘पाय’ आलं. पुढचं ‘मॅग’ नंतर चिकटलं. ते मार्गारेट या नावाचं लाडकं रूप. आपण बडबड्या पोपटाला ‘मिठू’ म्हणतो त्यातलाच प्रकार.

‘बॉल्ड’चा जुना अर्थ ‘कपाळावर पांढरा डाग असलेला’ असा होता. जनावरांच्या बाबतीत तो अर्थ अजून टिकून आहे. अमेरिकेच्या ‘बॉल्ड ईगल’चं डोकं भरगच्च पांढऱ्या पिसांचं असतं. तरी मराठी बातम्यांत तो अधूनमधून ‘टकला गरुड’ होऊन येतो. ‘पांढऱ्या डोक्याचा गरुड’ म्हटलं की काम भागतं. (हे डोकंही जन्मतः पांढरं नसतं. पिल्लू सगळं तपकिरी असतं आणि डोकं पूर्ण पांढरं व्हायला चार-पाच वर्षं जातात.)

म्हणजे पायबॉल्ड = मॅगपायसारखा काळा, वर पांढरे डाग. स्पेलिंगमध्ये सात अक्षरं : पी, आय, ई, बी, ए, एल, डी. मध्ये जोडरेघ नाही. आघात शब्दाच्या पहिल्या अवयवावर (सिलॅबलवर) : पाय-बॉल्ड. कोड्याच्या उत्तरांत दोन चुका वारंवार दिसल्या. काहींनी ‘ए’च्या जागी ‘ओ’ घालून ‘बोल्ड’ केलं, काहींनी शेवटचा ‘डी’ खाऊन ‘बॉल’.

जाता जाता : माती, खडू, कच्चे तांदूळ खाण्याच्या विकाराला डॉक्टर ‘पायका’ म्हणतात, तोही याच पक्ष्याच्या लॅटिन नावावरून. मॅगपाय काहीही गिळतो अशी समजूत होती.

मी घोड्यांची खरेदी-विक्री करतो. सारंगखेड्याच्या यात्रेच्या आधी इंग्रजीत जाहिरात टाकायची असते. कोणी पायबॉल्ड लिहितं, कोणी स्क्यूबॉल्ड, कोणी पिंटो, कोणी पेंट. नेमकं काय लिहावं? – नंदुरबार जिल्हा

यात चार शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत.

ब्रिटिश पद्धतीत नियम सरळ आहे. पांढऱ्याबरोबरचा दुसरा रंग काळा असेल तर पायबॉल्ड. काळा सोडून कोणताही असेल, म्हणजे कुमैत (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट), लाल, बदामी, तर स्क्यूबॉल्ड. पांढरा, काळा आणि तपकिरी असे तिन्ही रंग ठिगळांत असतील तर जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘ऑड-कलर्ड’ सापडतं. या सगळ्यांना मिळून ब्रिटनमध्ये नुसतं ‘कलर्ड हॉर्स’ म्हणतात.

अमेरिकेत पायबॉल्ड-स्क्यूबॉल्ड हा भेद फारसा कोणी पाळत नाही. तिथे ठिगळांच्या कुठल्याही घोड्याला ‘पिंटो’ म्हणतात. मूळ शब्द स्पॅनिश, अर्थ रंगवलेला. ठिपक्यांच्या ‘पिंटो’ घेवड्याचं नावही तिथूनच आलं. पण ‘पेंट’ हा जातीचा शब्द आहे. अमेरिकन पेंट हॉर्स ही नोंदणीकृत जात आहे आणि तिच्यात येण्यासाठी आई-बाप पेंट, क्वार्टर हॉर्स किंवा थरोब्रेड असावे लागतात. म्हणून मारवाडी किंवा काठेवाडी घोड्यापुढे ‘पेंट’ लिहिलं तर जाणकार परदेशी ग्राहकाला ती चूक वाटेल, फार तर फसवणूक वाटेल. ‘मारवाडी, पायबॉल्ड’ असं लिहा. जात आधी, रंग मागून.

आता खरी अडचण. घोडा काळा की गडद कुमैत, हे फोटोत कळत नाही. उन्हात राहिलेला काळा घोडा मानेवर आणि पाठीवर तांबूस पडतो, आणि गडद कुमैत घोडा हिवाळी केसांत काळा दिसतो. त्यासाठी असं पाहा :

घोडा सावलीत, पण दिवसाच्या उजेडात उभा करा. नाकपुडीभोवतीचे बारीक केस, डोळ्यांभोवतीची जागा, कोपराच्या आतली बाजू आणि मांडीजवळची कूस बघा. तिथे केस तपकिरी किंवा तांबूस असतील तर तो काळा नाही, मग तो स्क्यूबॉल्ड. तिथेही काळाच असेल आणि तांबूसपणा फक्त पाठीवर, आयाळीच्या टोकांना असेल तर तो उन्हानं विटलेला काळा, म्हणजे पायबॉल्ड.

कुमैत अबलख घोड्याची आयाळ आणि शेपूट काळी असते. त्यामुळे तीन रंग दिसतात आणि विकणारा गोंधळतो. ब्रिटिश वर्णनात त्याला ‘बे स्क्यूबॉल्ड’च म्हणतात. आयाळीचा काळा हा कुमैत रंगाचाच भाग मानला जातो, वेगळा रंग नाही.

पांढरं फक्त तोंडावर आणि चार पायांवर असेल तर तो पायबॉल्ड नाही. आपण ज्याला पंचकल्याणी म्हणतो तो हा. इंग्रजीत अशा पांढऱ्याला ‘मार्किंग्ज’ म्हणतात आणि ते एकेक सांगतात. कपाळावरचा चांदवा म्हणजे ‘स्टार’, कपाळापासून नाकापर्यंत रुंद पट्टा म्हणजे ‘ब्लेझ’, अरुंद पट्टा म्हणजे ‘स्ट्राइप’, नाकपुड्यांमधला ठिपका म्हणजे ‘स्निप’. पायावर घोट्याच्या थोडं वरपर्यंत पांढरं असेल तर ‘सॉक’, गुडघ्यापर्यंत असेल तर ‘स्टॉकिंग’. लावणीत एकाच घोड्याला ‘पंचकल्याणी’ आणि ‘अबलख’ दोन्ही म्हटलेलं चालतं. जाहिरातीत चालत नाही.

नुकऱ्याबद्दल, म्हणजे पांढऱ्या घोड्याबद्दल, तुम्ही विचारलं नाही, पण पत्राला जोडलेल्या फोटोवरून सांगावंसं वाटतं. पांढरे दिसणारे घोडे दोन प्रकारचे असतात. एक जन्मतः पांढरा, गुलाबी कातडीचा. दुसरा जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होत जाणारा, त्याला इंग्रजीत म्हातारपणीही ‘ग्रे’च म्हणतात आणि त्याची कातडी काळी असते. अबलख शिंगराला हा ‘ग्रे’ होण्याचा गुण मिळाला तर आठ-दहा वर्षांत ठिगळं पुसट होत जातात आणि घोडा सगळा पांढरा दिसू लागतो. अशा घोड्याला अंघोळ घाला. ओल्या केसांतून खालची कातडी दिसते आणि मूळचा नकाशा जसाच्या तसा उमटतो : जिथे ठिगळ होतं तिथे राखी-काळं, बाकी गुलाबी. तरुण अबलख घोड्यातही ठिगळाची कड जवळून पाहिली तर बऱ्याचदा बोटभर निळसर रेघ दिसते. तिथे पांढरे केस काळ्या कातडीवर उगवलेले असतात. रंगवलेल्या घोड्यात ही कड नसते आणि पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी नसते. यात्रेत उपयोगी पडेल.

पैदाशीसाठी घेणारे ‘टोबियानो’ की ‘ओव्हेरो’ असंही विचारतात. टोबियानोत पांढरं पाठीवरून आरपार जातं, पाय बहुधा पांढरे आणि डोकं रंगीत असतं. हा गुण प्रभावी आहे. नराकडे त्याची एक प्रत असेल तर प्रत्येक शिंगरू अबलख होण्याची शक्यता निम्मी, दोन्ही प्रती असतील तर सगळी शिंगरं अबलख. ‘फ्रेम ओव्हेरो’त पांढरं कुशीवर असतं, पाठ ओलांडत नाही आणि तोंड बरंच पांढरं असतं. हा मुख्यतः अमेरिकी वंशांत आढळतो, आणि इथे सावध राहायला हवं. नर-मादी दोघंही फ्रेमचे वाहक असतील तर चारात एक शिंगरू जवळजवळ पूर्ण पांढरं जन्मण्याची शक्यता असते. त्याच्या आतड्यात मज्जातंतू तयार झालेले नसतात, पहिली विष्ठाच बाहेर पडत नाही आणि ते काही दिवसांत दगावतं. आयात रक्ताचा घोडा असेल तर जोडी लावण्याआधी केसांच्या मुळांची जनुक चाचणी करून घ्यावी. नुसत्या डोळ्यांनी वाहक ओळखता येतोच असं नाही.

इंग्रजी कथेत ‘पायबॉल्ड पोनी’ आला आहे. मी ‘चितकबरा’ केलं, संपादकांनी ‘ठिपकेदार’ केलं. बरोबर कोण? – एक अनुवादक, पुणे

दोघंही थोडे चुकले, पण तुम्ही कमी.

ठिपकेदार म्हणजे लहान, सुटे, गोलसर ठिपके असलेला. चितळ ठिपकेदार, बिबट्या ठिपकेदार. पायबॉल्डचे डाग मोठे, वेडेवाकडे, एकमेकांत घुसलेले असतात. ‘चितकबरा’त दोन रंग मिसळल्याचा भाव आहे, पण त्यात मोठ्या ठिगळांचं चित्र डोळ्यांपुढे येत नाही आणि शब्दाला हिंदीचा वास आहे. घोड्यासाठी मराठीत चांगला, जुना आणि नेमका शब्द आहे : अबलख. तो मूळ अरबी ‘अब्लक’, फारसीतून आला. अरबीत हाच शब्द काळ्या-पांढऱ्या दगडांचे आळीपाळीने थर रचलेल्या बांधकामालाही वापरतात, कैरो आणि दमास्कसच्या जुन्या इमारतींत ते पाहायला मिळतं. मराठीत मात्र अबलखचा अर्थ इतका सैल झाला आहे की कित्येकांना तो ‘देखणा, उमदा’ असाच वाटतो. म्हणून अबलख वापरताना पहिल्यांदा एखादा दुवा द्या : ‘काळ्या-पांढऱ्या ठिगळांचा अबलख तट्टू’. पुढे नुसतं अबलख पुरेल. आणि पोनीला घोडा करू नका, तट्टू हा शब्द आहे.

गाय-बैलासाठी अबलख म्हणत नाहीत. तिथे गावाकडे बांडा : बांडा बैल, बांडी गाय. काही भागांत शेपूट तोडलेल्या जनावरालाही बांडं म्हणतात, तेव्हा संदर्भ बघा. मांजराला कबरं किंवा कवडं. कुत्र्याला काळं-पांढरं म्हटलेलं सर्वांत स्वाभाविक. इंग्रजी एक शब्द चारही जनावरांना लावतं म्हणून मराठीनंही लावावा असं नाही.

मूळ पुस्तक ब्रिटिश असेल आणि एकाच परिच्छेदात पायबॉल्ड आणि स्क्यूबॉल्ड असे दोन घोडे आले, तर रंग उघड सांगा : ‘काळा अबलख’ आणि ‘तांबडा अबलख’. मराठीत हा भेद एका शब्दात नाही आणि तो ओढूनताणून घडवण्याची गरजही नाही.

आमच्याकडे देवणी गाई आहेत. विम्याच्या इंग्रजी अर्जात रंगाच्या रकान्यात ‘पायबॉल्ड’ लिहिलं तर चालेल का? – उदगीर

लिहू नका. चुकीचं म्हणून नव्हे, अपुरं म्हणून. देवणीत तीन रंगप्रकार मानतात आणि ते तुम्हाला आमच्याहून जास्त ठाऊक असणार. वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, त्याला पायबॉल्ड म्हणणं चूकच. बालंक्याचं अंग पांढरं, काळे डाग पोटाकडच्या भागात, तिथे वाद होऊ शकतो. शेवऱ्याच्या सगळ्या अंगावर वेडेवाकडे काळे डाग, फक्त तो खरा पायबॉल्ड. अर्जात ‘देवणी, शेवरा’ असं जातीसह लिहून पुढे साध्या इंग्रजीत ‘व्हाइट बॉडी, इर्रेग्युलर ब्लॅक पॅचेस’ लिहा आणि एक-दोन ओळखीचे डाग जागेसकट नोंदवा, जसं ‘डाव्या खांद्यावर वीतभर डाग’. दोन्ही बाजूंचे फोटो लावा, कारण ठिगळांच्या जनावरात डावी आणि उजवी बाजू कधीच सारखी नसते आणि एकाच बाजूचा फोटो असला की पडताळणीत अडतं. दाव्याच्या वेळी शेवटी कानातला 12 अंकी बिल्लाच बघतात. तो पडला असेल तर आधी नवा मारून घ्या आणि बदललेला क्रमांक विमा कंपनीला लेखी कळवा.

अकोले-इगतपुरीकडच्या डांगी जनावरांनाही हेच लागू. तिथे पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे डाग असतात. तांबडे असतील तर पायबॉल्ड हा शब्द ब्रिटिश नियमानं बसतच नाही.

पैदासकारांच्या इंग्रजीत गाईंना पायबॉल्डपेक्षा ‘पाइड’ जास्त चालतं : होल्स्टीनसारख्या काळ्या-पांढऱ्याला ‘ब्लॅक पाइड’, तांबड्या-पांढऱ्याला ‘रेड पाइड’.

‘पाइड’ आणि ‘पायबॉल्ड’ एकच ना? मग पक्ष्यांच्या नावात नेहमी पाइडच का? – एक पक्षीनिरीक्षक, चिपळूण

मूळ पक्षी एकच, मॅगपाय. वापर मात्र वेगळा. पायबॉल्ड केसाळ जनावरांना, त्यातही घोड्याला. पाइड पक्ष्यांना, फुलांना, कपड्यांना. आणखी एक सूक्ष्म फरक आहे. पायबॉल्ड म्हटलं की हे एक जनावर असं निघालं, त्याची भावंडं वेगळी असू शकतात. पाइड नावात आलं की सगळी जातच काळी-पांढरी, प्रत्येक पक्षी ठरलेल्या नक्षीचा. म्हणून ‘पाइड किंगफिशर’ ही जात आहे, पण एखाद्या कावळ्याच्या पंखात पांढरी पिसं निघाली तर तो ‘पाइड क्रो’ नव्हे. पाइड क्रो ही आफ्रिकेतली निराळी जात आहे. आपल्या कावळ्याला ‘पार्शली ल्युसिस्टिक’ म्हणतात. ‘अल्बिनो’ही म्हणू नका. अल्बिनोत रंगद्रव्य कुठेच नसतं आणि डोळे लाल-गुलाबी दिसतात. अंशतः पांढऱ्या पक्ष्याचे डोळे नेहमीच्या रंगाचे असतात. दुर्बिणीतून आधी डोळा बघा, मग नोंद करा.

मराठी पक्षीनावांनी पाइडसाठी ‘कवड्या’ हा फार छान शब्द धरला आहे. पाइड किंगफिशर म्हणजे कवड्या खंड्या. नदीवर हवेत एका जागी फडफडत राहून सूर मारणारा तो हाच. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात, मादीच्या एकच आणि तोही मध्ये तुटलेला. तुमच्या कोकणातला मलबार पाइड हॉर्नबिल म्हणजे मलबारी कवड्या धनेश. अपवाद चातक. त्याचं इंग्रजी नाव पाइड कक्कू, पण त्याला कवड्या कोकीळ करायची हिंमत कोणी केली नाही, ते बरंच झालं. त्याच्या शास्त्रीय नावात ‘जॅकोबिनस’ आहे. काळा झगा आणि पांढरा अंगरखा घालणाऱ्या डॉमिनिकन साधूंना फ्रान्समध्ये जॅकोबिन म्हणत, त्यावरून.

हॅमेलिनच्या बासरीवाल्याला ‘पाइड पायपर’ म्हणतात तिथे मात्र काळ्या-पांढऱ्याचा संबंध नाही. 26 जून 1284 ही त्या दंतकथेची परंपरागत तारीख, आणि त्यातला बासरीवाला रंगीबेरंगी कपड्यांचा. कपड्यांच्या बाबतीत पाइड म्हणजे कुठलेही दोन किंवा अधिक ठळक रंग.

नातीच्या कपाळावर जन्मापासून पांढऱ्या केसांची बट आहे. डॉक्टरांनी ‘पायबॉल्डिझम’ लिहिलं. शेजारी म्हणतात हे कोड आहे, पसरेल. – एक आजी, सोलापूर

आजी, हे कोड नव्हे. कोड म्हणजे व्हिटिलिगो. ते जन्मानंतर कधीतरी सुरू होतं, बऱ्याचदा ओठ, डोळ्यांभोवती, बोटांवर, आणि वाढू शकतं. पायबॉल्डिझम जन्मतः असतो. कपाळावरची पांढरी बट ही त्याची सर्वांत ठळक खूण, तिच्याबरोबर कपाळ, पोट, छाती किंवा गुडघ्यांवर पांढरे डाग असू शकतात. हे डाग सहसा आहेत तेवढेच राहतात. मूल वाढतं तशी कातडी ताणून डाग मोठा दिसतो, त्याला पसरणं समजू नका. हा गुण बहुधा आई किंवा बापाकडून येतो, तेव्हा दोन्ही घरांत कोणाला अशी बट होती का ते विचारा. आहारानं, विरुद्ध अन्नानं, दूध-मासे एकत्र खाल्ल्यानं हे होत नाही.

दोन गोष्टी मात्र करा. पहिली : पांढऱ्या भागाला उन्हाचा चटका लवकर बसतो. तिथे टोपी, अंगभर कपडे आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सनस्क्रीन. दुसरी, जास्त महत्त्वाची : पांढरी बट ‘वॉर्डनबर्ग सिंड्रोम’ नावाच्या दुसऱ्या एका आनुवंशिक अवस्थेतही असते आणि तिच्यात ऐकू कमी येऊ शकतं. नातीची श्रवण चाचणी झाली आहे का ते बघा, विशेषतः तिचे डोळे निळे किंवा दोन वेगळ्या रंगांचे असतील तर. मलमांच्या मागे पैसे घालवू नका. त्या डागांत रंग तयार करणाऱ्या पेशीच नसतात, त्यामुळे मलम किंवा प्रकाशोपचार सहसा लागू पडत नाहीत. पुढे मुलीला स्वतःला नकोसं वाटलं तर त्वचारोपणाचा पर्याय त्वचारोगतज्ज्ञ सांगतील.

भाषेचं म्हणाल तर पायबॉल्डिझम हे वैद्यकीय नाम आहे. पण माणसाला उद्देशून ‘पायबॉल्ड’ हे विशेषण इंग्रजीत वापरू नये. ते जनावराचं विशेषण आहे आणि अपमानकारक वाटतं.

पांढरं नेहमी पोट, पाय आणि कपाळावरच का? पाठीवर का नाही? – विज्ञान शिक्षक, नागपूर

गर्भात रंगपेशींचे पूर्वज पाठीच्या कण्याच्या रेषेवर तयार होतात आणि तिथून दोन्ही बाजूंनी खाली, पायांकडे, चेहऱ्याकडे जातात. पाठ हा उगम, पोट-पंजे-कपाळ ही टोकं. पेशी कमी पडल्या की टोकं आधी कोरडी राहतात. या पेशी टिकून वाढाव्यात यासाठी ‘किट’ नावाचं जनुक लागतं. वर आलेला माणसातला पायबॉल्डिझम बहुधा याच जनुकातल्या दोषाचा. घोड्यातल्या टोबियानोतही याच जनुकाच्या शेजारी तिसऱ्या गुणसूत्राचा एक तुकडा उलटा बसलेला असतो. पेशी हळू चालतात म्हणून पोहोचत नाहीत, असं पूर्वी शिकवत. 2016 मध्ये उंदरांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं की त्या चालतात नीट, पण पुरेशा संख्येनं वाढत नाहीत. ठिगळांची आखणीही बरीचशी योगायोगाची असते, म्हणून जुळ्यांचेही डाग जुळत नाहीत.

वर्गात विचारण्याजोगा पुढचा प्रश्न : पाळीव जनावरांतच अबलख इतके का? रशियात नोवोसिबिर्स्कला 1959 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात कोल्ह्यांची निवड फक्त माणसाळूपणावर केली होती, रंगावर नाही. तरी काही पिढ्यांतच कपाळावर पांढरा चांदवा असलेली पिल्लं निघू लागली. त्याचं कारण काय यावर अजून वाद आहे, तेव्हा एकच ठरलेलं उत्तर फळ्यावर लिहून देऊ नका.

आमचं पैठणीचं दुकान आहे. परदेशी ग्राहकांसाठी धूपछांव साडीला ‘टू-टोन’ लिहावं की आणखी काही? – येवला

धूपछांव म्हणजे ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. पदर हलवला की कधी एक, कधी दुसरा रंग वर येतो. याला इंग्रजीत नेमका शब्द ‘शॉट सिल्क’. ‘टू-टोन’ लिहिलं तर ग्राहक दोन रंगांचे वेगवेगळे भाग समजतो, म्हणजे अर्धी जांभळी अर्धी हिरवी, आणि साडी हातात पडल्यावर ‘फोटोतला रंग आलाच नाही’ म्हणून परत करतो. वर्णनात दोन्ही धाग्यांचे रंग लिहा आणि दोन कोनांतून काढलेले फोटो द्या. शक्य असेल तर दहा सेकंदांचा व्हिडिओ, कापड घडी घालून उलगडताना.

गंगा-जमुना काठ, म्हणजे दोन काठ दोन रंगांचे, यासाठी ‘कॉन्ट्रास्टिंग बॉर्डर्स’ लिहून दोन्ही रंग सांगा. खराखुरा टू-टोन बूट, गाड्या, भिंती यांना : एकेका रंगाचा सलग, सरळ रेषेनं तोडलेला भाग. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी टू-टोन. तिला कोणी पायबॉल्ड म्हणणार नाही, कारण ठिगळं वेडीवाकडी नाहीत आणि ती रंगाऱ्यानं दिलेली आहेत.

झाडांच्या हिरव्या-पांढऱ्या पानांना ‘व्हेरिगेटेड’, वाघासारख्या पुसट पट्ट्यांच्या कुत्र्याला ‘ब्रिंडल’, झाडाखालच्या ऊन-सावलीला ‘डॅपल्ड’. यातला एकही पायबॉल्ड नाही.

‘पायबॉल्ड’ लाक्षणिक अर्थानं वापरता येतो का? – ठाणे

येतो, पण जपून. 17 व्या शतकापासून भेसळ भाषेला पायबॉल्ड म्हटलेलं सापडतं : एका वाक्यात इंग्रजी, लॅटिन, ग्रीक कोंबणाऱ्या विद्वानांची ती थट्टा होती. आजही ‘पायबॉल्ड प्रोज’ म्हटलं की शैलीला धड एक पोत नाही, ठिगळं दिसतात, अशी टीका निघते. कौतुक करायचं असेल तर हा शब्द नको. अर्ध्या मराठी, अर्ध्या इंग्रजीतल्या कार्यालयीन पत्राला लागू पडेल. आयुष्यातल्या चढउतारांना मात्र ‘चेकर्ड’ म्हणतात, पायबॉल्ड नव्हे. आणि ‘मोअर पायबॉल्ड’ असं तुलनेचं रूप टाळा. घोडा अबलख असतो किंवा नसतो.

‘पाइड’चा उच्चार पीड की पाय-एड? – अकोला

पाइड. एकच अवयव, ‘राइड’शी यमक जुळतं. ‘पिये-द-तेर’ (अधूनमधून राहण्यासाठीचं दुसरं छोटं घर) या फ्रेंच शब्दप्रयोगात हीच चार अक्षरं दिसतात आणि उच्चार ‘पिये’ होतो. तो शब्द निराळा आहे, आणि तिथे मात्र त्याचा अर्थ खरोखरच ‘पाय’.